पांढरी एकमधला फ्यूग: वनराज भाटिया आणि कागदावर राहिलेलं संगीत

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं थोडं कमी केलंय.)

बदलापूर लोकलमध्ये दाराजवळ उभे असाल, अंबरनाथला पुढच्या गाडीची वाट बघत असाल, किंवा उल्हासनगरात दुकानाचं शटर वर करून पहिल्या चहाची, हेडफोन लावा आणि पुढची वीसेक मिनिटं आपल्याला द्या.

आजचा माणूस जरा गमतीशीर आहे. त्याचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसेल. पण त्याचं संगीत तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या कानात पक्कं बसलेलं आहे. आईला विचारा, दूरदर्शनवर 'भारत एक खोज' सुरू व्हायची तेव्हा सुरुवातीला तो गंभीर कोरस यायचा ना, आठवतो का? बाबांना 'तमस'बद्दल विचारा. धबधब्याखाली नाचणाऱ्या मुलीची लिरिल साबणाची जाहिरात विचारा. आणि 'मंथन' सिनेमातलं प्रीती सागर यांचं गाणं, जे पुढे अमूलच्या जाहिरातीत आलं, ते तर तुम्हीही ऐकलं असणार.

हे सगळं एकाच माणसाचं. वनराज भाटिया. जन्म ३१ मे १९२७, मुंबई. मृत्यू ७ मे २०२१, मुंबई. वय ९३.

आता गंमत अशी, की हा माणूस यातलं काहीच करायला शिकला नव्हता. जिंगल नाही, सिरियल नाही, सिनेमाही नाही. तो शिकला होता सोनाटा, फ्यूग, सिंफनी, ऑपेरा. लंडन आणि पॅरिसमध्ये, त्या काळातल्या उत्तम गुरूंकडे. मग त्या शिक्षणाचं झालं काय? ते वाया गेलं, की वेगळ्या वाटेने आपल्यापर्यंत आलं? आजचा भाग या प्रश्नावर आहे.

आधी 'सा' समजून घेऊ

भाटियांकडे जायच्या आधी पाच मिनिटं एका शब्दावर घालवू: टोनल. पाश्चात्त्य संगीताबद्दल वाचताना हा शब्द सारखा येतो. सोप्या भाषेत, टोनल संगीत म्हणजे 'सा' असलेलं संगीत. एक सूर घर असतो. बाकीचे सूर त्या घरापासून लांब जातात, ताण तयार होतो, आणि परत आले की हायसं वाटतं.

सकाळच्या गाडीतलं भजनी मंडळ आठवा. तंबोरा नाही, पेटी असलीच तर असली, गर्दी आणि गाडीचा खडखडाट. तरी बुवांनी पहिली ओळ उचलली की अख्ख्या डब्याला पट्टी मिळते. शेवटच्या सीटवर टाळ वाजवणाऱ्यालाही कळतं की ओळ कुठे टेकणार. ते टेकण्याचं ठिकाण म्हणजे सा.

आपल्याकडे सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. तंबोरा तेच सांगत बसलेला असतो. पाश्चात्त्य टोनल संगीतात मात्र घर हलतं. एकाच रचनेत संगीतकार पांढरी एकवरून निघतो, मध्ये पट्टी बदलतो, दुसऱ्या घरी थोडा राहतो आणि शेवटी मूळ घरी परततो. शिवाय तिथे एका वेळी एकच सूर नसतो. तीन-चार वेगवेगळे सूर एकत्र वाजतात, आणि त्या स्वरसमूहांचा प्रवास ऐकायचा असतो. यालाच हार्मनी म्हणतात.

आता एक प्रयोग. फोनमध्ये फुकटचं पियानो ॲप असेलच. फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. पाच सूर मिळतील. काळी तीन, म्हणजे तीनच्या गटातली पहिली पट्टी, हिला सा माना आणि चढत जा. भूप ऐकू येईल. आता तेच पाच सूर, पण सा काळी एकवर ठेवा. दुर्गा! सा काळी पाचवर न्या. मालकंस! पट्ट्या त्याच, सूर तेच, फक्त घर बदललं आणि अख्खा राग बदलला. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात.

आता विचार करा. भूप गातोय आणि खाली पाश्चात्त्य पद्धतीची हार्मनी द्यायची आहे. तिथे सगळ्यात साधे तीन स्वरसमूह असतात: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. पहिला चालतो. दुसऱ्यात मध्यम आला, तिसऱ्यात निषाद आला, आणि भूपात हे दोन्ही सूर वर्ज्य! म्हणजे हार्मनीची अगदी बाराखडी लिहायला घेतली तरी राग मोडतो. आणि खालचे सूर फार हलवले, तर ऐकणाऱ्याला सा कुठला तेच कळेनासं होतं. भूप म्हणून निघालेला माणूस दुर्ग्यात पोचतो.

हे एवढं लक्षात ठेवा. राग आणि हार्मनी एकत्र आणू म्हणणाऱ्या प्रत्येकासमोर ही भिंत असते. गाण्याखाली गिटारचे कॉर्ड टाकणं वेगळं, आणि दोन्हीकडचे नियम माहीत असताना दोघांनाही न दुखवता लिहिणं वेगळं.

देवधर मास्तरांच्या शाळेपासून पॅरिसपर्यंत

वनराज भाटिया मुंबईतल्या कच्छी व्यापारी घरातले. शाळा न्यू इरा. लहानपणी ते हिंदुस्थानी संगीत शिकले ते देवधर स्कूलमध्ये. प्रा. बी. आर. देवधरांची ही गिरगाव-ऑपेरा हाऊस भागातली संस्था मराठी संगीतप्रेमींना वेगळी सांगायला नको. कुमार गंधर्व याच देवधरांचे शिष्य. म्हणजे भाटियांचा पहिला सा आपल्याच परंपरेतला होता.

मग विशीच्या आतच चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो कानावर पडला आणि गाडीने रूळ बदलला. मुंबईत डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं पियानो. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९४९ मध्ये इंग्रजीत एम. ए. आणि मग थेट लंडन, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक. तिथे हॉवर्ड फर्ग्युसन, ॲलन बुश, विल्यम ॲल्विन यांच्याकडे रचनेचं शिक्षण. १९५४ मध्ये सुवर्णपदक. त्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्ती, पुढे फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती, आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण.

बुलांजे हे नाव लक्षात ठेवा. विसाव्या शतकातल्या संगीतकारांची ही शिक्षिका. अमेरिकेचा एरन कोपलँड तिच्याकडे शिकला. अर्जेंटिनाचा पियाझोला शिकला. मायकेल जॅक्सनचे अल्बम पुढे ज्याने केले तो क्विन्सी जोन्स १९५७ मध्ये तिच्याकडे शिकत होता, म्हणजे साधारण भाटियांच्याच काळात. तिची शिस्त कडक: हार्मनी, काउंटरपॉइंट, बाख. आधी व्याकरण पक्कं करा. पियाझोला मोठमोठ्या सिंफन्या घेऊन गेला होता, तेव्हा तिने त्याला त्याचा टँगो वाजवायला लावला आणि तुझं खरं संगीत हे आहे, हे सोडू नकोस, असं बजावलं. संगीताच्या इतिहासातला हा फार गाजलेला किस्सा.

आता त्या वेळचं युरोप बघा. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. तरुण संगीतकारांना जुनं काहीच नको होतं. शोएनबर्गने १९२० च्या दशकात एक पद्धत काढली होती, तिच्यात सप्तकातले बाराही सूर समान. कुणी राजा नाही, कुणी सा नाही. घर ही कल्पनाच काढून टाकलेली. १९५०च्या दशकात बुलेझ आणि श्टॉकहाउझन यांच्या पिढीने ही वाट आणखी पुढे नेली. बुलेझने तर लिहून टाकलं की ज्या संगीतकाराला या बारा सुरांच्या भाषेची गरज भासली नाही, तो निरुपयोगी आहे. सा धरून लिहिणारा म्हणजे काळाच्या मागे पडलेला, असं वातावरण होतं.

देवधरांच्या शाळेत सा लावून आलेल्या मुलासाठी हा प्रश्न नुसत्या फॅशनचा नव्हता. रागातून सा काढला तर राग उरतच नाही. काळ्या पट्ट्यांचा प्रयोग आठवा. भारतीय संगीतकार राग हाताशी धरून लिहिणार असेल, तर त्याला कुठलं ना कुठलं घर ठेवावंच लागतं. भाटियांनी पाश्चात्त्य रचनाबंध घेतले आणि त्यांत राग आणले. पियानोसाठी त्यांनी लिहिलेल्या एका रचनेचं नाव आहे 'फँटेसिया अँड फ्यूग इन सी'. सी म्हणजे आपली पांढरी एक. घराचा पत्ता नावातच लिहिलाय.

फ्यूग म्हणजे काय, ते सांगायला आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर कामाला येतं. वालधुनीकाठचं, १०६० सालचा शिलालेख असलेलं. गर्दी नसताना जाऊन त्याचं शिखर नीट बघा. शिखराच्या अंगावर शिखराचीच छोटी छोटी रूपं एकावर एक रांगेने रचलेली आहेत. एकच आकार, वेगवेगळ्या मापात, पुन्हा पुन्हा, आणि त्यातूनच मोठा आकार तयार होतो. या शैलीला भूमिज म्हणतात. फ्यूग तसाच. एक छोटी ओळ. पहिला आवाज ती म्हणतो. मग दुसरा आवाज तीच ओळ पंचमावरून उचलतो, तोवर पहिला पुढे निघालेला असतो. मग तिसरा येतो. एकाच ओळीचं मंदिर उभं राहतं.

साठ जण कुठून आणायचे?

१९५९ मध्ये भाटिया भारतात परतले. हातात युरोपातली उत्तम पदवी, डोक्यात ऑर्केस्ट्रा. आणि इथे अडचण झाली.

गायकाला रियाजाला काय लागतं? तंबोरा, तबला, एक खोली. चार कानसेन मिळाले की मैफल. आपल्याकडे अंबरनाथ-बदलापूरसारख्या गावांतसुद्धा गाण्याचे क्लास आहेत, भजनी मंडळं आहेत, गणेशोत्सवातले कार्यक्रम आहेत. गाणारा घडतो आणि ऐकणाराही घडतो. ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्याला मात्र पन्नास-साठ वादक लागतात, नोटेशन वाचणारे, रोज एकत्र बसणारे, पगारावरचे. त्यातला एक बासरीवाला आला नाही तरी पान रिकामं दिसतं.

मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पण त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये शिकायला व्हिएन्नाला गेला, आणि मेहली स्वतःही त्याच दशकात मुंबई सोडून परदेशी गेले. जगातल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांचा संचालक मुंबईने दिला, पण मुंबईत त्याला उभं राहायला ऑर्केस्ट्रा नव्हता!

वादक नव्हते असं नाही. होते, आणि फार चांगले होते. ते गोव्याचे होते आणि सिनेमाच्या स्टुडिओंत होते. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून व्हायोलिन आणि नोटेशन शिकून आलेली ही मंडळी हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा चालवत होती. त्यातलेच एक अँथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचे. जन्म १९२७, म्हणजे भाटियांच्याच वर्षी. गोन्साल्विसनाही हीच ओढ होती: राग ऑर्केस्ट्रात आणायचा. १९५८ मध्ये त्यांनी स्टुडिओतले वादक जमवून स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईत रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण तो ऑर्केस्ट्रा टिकवायला पैसा लागतो, तो येणार कुठून? १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परत आल्यावर गोव्यात शांतपणे राहिले, २०१२ मध्ये गेले. त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले. 'अमर अकबर अँथनी'मधल्या अँथनीचं आडनाव गोन्साल्विस आहे, ते गुरूला केलेला नमस्कार म्हणून. देशभर ते गाणं वाजलं. त्या माणसाच्या रचना मात्र किती जणांनी ऐकल्या?

एकाच वर्षी जन्मलेले दोघे. एक माजोर्ड्याच्या चर्चमधून आलेला, एक मुंबईच्या कच्छी घरातून. दोघांना दिसलेली वाट एकच आणि दोघेही एकाच ठिकाणी अडले.

पोटापाण्याचं संगीत

भाटियांनी १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं. आणि त्याच सुमारास जाहिरातींचं काम हाती आलं. पहिली जिंगल शक्ती सिल्क साड्यांची. पुढे लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स. त्यांच्या जिंगल्सचा आकडा नेहमी सात हजारांहून अधिक असा सांगितला जातो.

आता यावर दोन प्रकारची मतं ऐकायला मिळतात. एक, अरेरे, एवढा शिकलेला माणूस साबण विकत बसला. दुसरं, वा, बघा, कलाकाराने असं व्यवहारी असावं! दोन्ही मतं जरा घाईची आहेत.

जिंगल म्हणजे काय ते बघू. तीस सेकंद. तेवढ्यात सा बसवायचा, ताण निर्माण करायचा, घरी यायचं आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहायचं. ज्याला हार्मनीचं व्याकरण पाठ आहे, त्यालाच हे सात हजार वेळा जमतं. बुलांजेबाईंच्या वर्गातला अभ्यास इथे रोज कामाला येत होता. वर स्टुडिओत उत्तम वादक मिळत होते, आणि लिहिलेलं त्याच दिवशी वाजत होतं. ऑर्केस्ट्राच्या संगीतात जे मिळत नव्हतं, ते इथे मिळत होतं: कान आणि वादक.

जाहिरातींच्या जगातूनच श्याम बेनेगल भेटले. १९७४ मध्ये 'अंकुर'. मग 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'कलयुग', 'मंडी'. अपर्णा सेन यांचा '३६ चौरंगी लेन', कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों'. ज्याला आपण समांतर सिनेमा म्हणतो, त्याचा आवाज बऱ्याच अंशी या एका माणसाचा आहे.

'मंथन' घ्या. १९७६. पटकथा विजय तेंडुलकरांची. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. त्यातल्या गाण्यासाठी कच्छी घरातल्या या माणसाने पॅरिस बाजूला ठेवलं आणि लोकगीताचा बाज धरला.

किंवा 'भूमिका', १९७७. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर आधारलेला, स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. गोष्ट अनेक दशकांत फिरते, म्हणून गाणीही त्या त्या काळातल्या सिनेमाची वाटली पाहिजेत. नक्कल वाटता कामा नये आणि आजची तर मुळीच वाटता कामा नये. त्यात भाटियांनी किराणा घराण्याच्या सरस्वतीबाई राणे यांना गायला लावलं. त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या, आणि जुन्या सिनेमाच्या काळात स्वतः गायलेल्या. जुना काळ हवा होता, तर त्या काळाचा खरा आवाजच आणला.

कॅम्पातलं 'तमस'

आता उल्हासनगरकडे येऊ, कारण भाटियांच्या कामातली एक गोष्ट या शहराच्या फार जवळची आहे.

तुमच्यातले बरेच जण अजून 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असंच म्हणतात. हा कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांना त्या बराकींमध्ये जागा दिली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. एका अख्ख्या समाजाचा सा जागेवरून उखडला गेला आणि त्यांनी तो इथे नव्याने लावला.

१९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'तमस' आली. भीष्म साहनींची कादंबरी, फाळणीच्या वेळच्या पंजाबातली. दिग्दर्शक गोविंद निहलानी, जन्म कराचीचा, फाळणीत कुटुंबासोबत इकडे आलेले. मालिका बंद करा म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि न्यायालयाने ती दाखवू दिली. संगीत वनराज भाटियांचं. शीर्षकसंगीतातली ती आर्त हाक एकदा ऐकली की माणूस विसरत नाही. या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

उल्हासनगरात तुमच्या घरी फाळणी पाहिलेलं कुणी असेल, किंवा त्यांची मुलं असतील, तर त्यांना विचारा, तेव्हा ही मालिका त्यांनी कशी पाहिली. आम्हालाही कळवा. हा इतिहास पुस्तकात कमी आणि घराघरात जास्त आहे.

त्याच वर्षी 'भारत एक खोज' आली, ५३ भागांची. सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आणि त्याचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद. वेदपठण ही मूळ एकाच ओळीची गोष्ट, सगळे एका सुरात. भाटियांनी तिथे मोठा समूहस्वर आणला. देवधर स्कूल आणि पॅरिस एकाच मिनिटात भेटले, तेही रविवारी सकाळी, अख्ख्या देशाच्या दिवाणखान्यात. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

मग खंत कशाची?

इथे थांबलं तर गोष्ट गोड होईल. पण ती पुरी होणार नाही.

सिनेमाचं संगीत दृश्यासाठी असतं. दृश्य चाळीस सेकंदांचं, म्हणून संगीतही चाळीस सेकंदांचं. फ्यूगला जागा लागते. ओळ मांडायला, उलगडायला, दूर जायला, परत यायला. वीस मिनिटं चालणारा विचार तीस सेकंदांत बसवता येतो, पण तेव्हा तो तोच विचार राहत नाही.

दुसरं, संगीतकार लिहून शिकत नाही, ऐकून शिकतो. लिहिलेलं वाजलं, सभागृहात कसं पोचलं, कुठे कंटाळा आला, कुठे तुतारीखाली व्हायोलिन बुडालं, हे कळलं की पुढची रचना सुधारते. ज्याच्या रचना कपाटात राहतात, त्याच्या हातून पुढची पायरी चढायची राहते. हे नुकसान कुठल्या पुरस्काराने भरून निघत नाही.

तारखा बघा. पूर्णवेळ व्यावसायिक म्हणता येईल असा ऑर्केस्ट्रा, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ मध्ये उभा राहिला. तेव्हा भाटिया ७९ वर्षांचे होते. शहराला जाग यायला ४७ वर्षं लागली.

तोपर्यंत जग फिरून परत आलं होतं. १९७६ च्या आसपास एस्टोनियाच्या आर्वो पेर्टने साध्या, घर असलेल्या सुरांकडे परत जाऊन नवं संगीत सुरू केलं. पोलंडच्या गोरेत्स्कीची तिसरी सिंफनी त्याच वर्षी पुरी झाली, आणि १९९०च्या दशकात तिच्या रेकॉर्ड पॉप अल्बमसारख्या खपल्या. बुलांजेचाच विद्यार्थी फिलिप ग्लास रवी शंकर यांच्यासोबत काम करून स्वतःच्या भाषेला पोचला. सा मागासलेला उरला नव्हता. पण त्यांच्या मागे वादक होते, सभागृहं होती, रेकॉर्ड कंपन्या होत्या.

आणि तरी भाटिया लिहीत राहिले. गिरीश कार्नाडांच्या नाटकावर त्यांनी 'अग्निवर्षा' हा इंग्रजी ऑपेरा लिहायला घेतला. कार्नाड आपल्या लाइनवरचेच, बरं का! जन्म माथेरानचा. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, आणि वर माथेरान. 'मंथन'मध्ये ते भाटियांच्या संगीतात अभिनय करत होते, 'भूमिका'च्या पटकथेत त्यांचा हात होता. या ऑपेराचा पहिला अंक २०१२ मध्ये रंगमंचावर आला, न्यूयॉर्कमध्ये. त्याच वर्षी पद्मश्री. भाटिया तेव्हा पंचाऐंशीचे.

जानेवारी २०१९ मध्ये जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत भाटियांची 'रेव्हरी' वाजवली. आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की भाटिया आजारी आहेत, पैशाची चणचण आहे. एका वर्षातल्या या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून बघा. वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आपल्याला यातून काय?

तुमच्यातले कितीतरी जण फोनवर बीट बनवतात. साठ वादकांचा आवाज आज ॲपमध्ये मिळतो. भाटियांना जे आयुष्यभर मिळालं नाही, ते तुमच्या खिशात आहे, निदान त्याची सावली तरी. म्हणून साधनं नाहीत ही सबब आता पहिल्यासारखी चालत नाही. पण दुसरी अर्धी गोष्ट अजून तशीच आहे. एकत्र बसून वाजवणारी माणसं, आणि वीस मिनिटं गप्प बसून ऐकणारी माणसं, ही ॲपमध्ये मिळत नाहीत. ती गावाने घडवावी लागतात. भजनी मंडळ गावाने घडवलंय. ऑर्केस्ट्राही तसाच घडतो, दुसरा मार्ग नाही.

तेव्हा वनराज भाटियांचं शिक्षण वाया गेलं का? नाही. ते जिंगलमधून, 'भूमिका'मधून, 'तमस'मधून आपल्या कानांत आलं, आपल्याला पत्ताही न लागता. पण ते पुरतं आलं का? तेही नाही. जे मोठं होतं, त्याला आपण जागा दिली नाही. संगीत कागदावर असतं तेव्हा ते फक्त शक्यता असतं. कुणीतरी वाजवेपर्यंत आणि कुणीतरी ऐकेपर्यंत.

आजचा गृहपाठ. एक, काळ्या पट्ट्यांवर भूप, दुर्गा, मालकंस शोधा आणि घरच्यांना ऐकवून चकित करा. दोन, 'भारत एक खोज'चं शीर्षकसंगीत हेडफोन लावून ऐका आणि एकाच वेळी किती वेगवेगळे आवाज ऐकू येतात ते मोजा. तीन, भाटियांची पियानोची एखादी रचना शोधून ऐका. सुरुवातीला परकं वाटेल. सा कुठे आहे तो शोधा, मग सोपं जाईल.

बदलापूर आलं असेल तर उतरा, फोन सांभाळा. भेटू पुढच्या भागात!